गेरू फासलेले सात दगड

माझ्या सात दगडांना कुणीतरी गेरू फासला होता. वर चुन्याचे जाड पट्टे ओढले होते आणि कॉलेजच्या फाटकापासून झेंड्याच्या खांबापर्यंत रस्त्याच्या कडेनं मांडलेल्या पाच-पन्नास दगडांच्या रांगेत ते नेऊन बसवले होते. मी तीन दिवस सांगोल्याला भाचीच्या लग्नाला गेलो होतो. परत आलो त्या सकाळी स्कूटरवरून आत शिरताना त्या रांगेकडे पाहून मी नाक मुरडलं, पण त्यात माझे दगड आहेत हे काही मला ओळखू आलं नाही.

तपासणी समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजला जो ताप चढतो, त्याची मला पहिल्यापासून शिसारी आहे. एरवी ज्या मुतारीच्या बाजूला नाकाला रुमाल लावल्याशिवाय जाता येत नाही, तिच्यात फिनेल ओतून आठ दिवस आधी कुलूप घालतात. समिती जाईपर्यंत पोरांनी कुठं जायचं ते पोरांनी बघावं. रोपवाटिकेतून झेंडूच्या कुंड्या येतात. मुलींना नऊवारी नेसवून आरतीचं ताट हातात देऊन उन्हात उभं करतात, आणि समितीतला कुणी जाडा गृहस्थ गाडीतून उतरता उतरता ढेकर देतो त्यालाच ओवाळतात. दगड दिसला की त्याला गेरू आणि चुना. का, ते कुणी विचारत नाही. साहेब यायचे म्हणजे दगड लाल-पांढरे पाहिजेत, एवढं आपल्याकडे सगळ्यांना जन्मतःच ठाऊक असतं.

भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो तर टेबलाखालचं पोतं दिसेना. आमच्या विभागाचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळेच मामा म्हणतो, खिडक्यांच्या काचा पुसत होते.

"मामा, हितलं पोतं कुठाय?"

"त्ये व्हय? झटकून घडी घालून ठिवलंय की, सर. दगुड भाईर लावलं."

"कुठले दगड?"

"पोत्यातलं. लई दिस पडून हुतं. प्राचार्यसायब म्हनलं, दर्शनी भागात दगुड कमी पडायल्यात, तुमच्या हितलं न्या."

"आणि त्यांच्यावरच्या खुणा?"

"त्या रेघा? कुन्या पोरानं काळ्या पेनानं रेघोट्या मारून ठिवल्या हुत्या. जाईनात सर. मग तारंचा ब्रश आन् थिनर घिऊन बसलो दुपारभर, तवा कुटं निगाल्या. रंग निब्बर बसला पायजे ना."

हे त्यांनी मोठ्या समाधानानं सांगितलं. मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिलेला माणूस, माझ्यापेक्षा वयानं मोठा; ओला फडका हातात धरून खाली मान घालून उभा राहिला. शेजारच्या वर्गातली पोरं दारात येऊन ऐकत होती, आणि तरीही मी थांबलो नाही.

त्या रेघोट्या माझ्या होत्या. सरकारी मोहिमेबरोबर मी आयुष्यात एकदाच अंटार्क्टिकाला गेलो, तेव्हा बर्फातून वर आलेल्या एका काळ्या कड्यावरून हे सात दगड मी फोडून आणले होते. तिथल्या पांढऱ्याशुभ्र शांततेवर भाषण द्यायला मला अजून लोक बोलावतात, शाल घालतात, नारळ देतात. मला आठवतो तो तंबूतला डिझेलचा वास, महिनाभर न धुतलेले मोजे आणि तंबूमागचा ड्रम. माणसानं केलेली कुठलीच घाण तिथं टाकायची नाही, सगळी ड्रमात भरून परत आणायची, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण तो ड्रम हलवायची पाळी आठवड्यातून दोनदा माझ्यावर यायची, आणि त्याबद्दल सभेत कुणी प्रश्न विचारत नाही.

खडक मात्र पाहण्यासारखा होता. आपल्या सोलापुरात पायाखाली काळा पाषाण. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पडलेले, कुठं वाकले नाहीत की मुडपले नाहीत. विहीर खणा नाही तर बोअर मारा, तेच ते. तिथला खडक जमिनीच्या पोटात दहा-वीस किलोमीटर खोल पिळून निघालेला. पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंड एकमेकांवर आदळले, डोंगर उभे राहिले, आणि ज्या पट्ट्यावरून एक बाजू दुसरीवर सरकली तिथला खडक कणकेसारखा मळला गेला. त्याला आम्ही शिअर झोन म्हणतो. डोंगर केव्हाच झिजून गेले. हे मळलेलं मूळ तेवढं उरलं. त्यात फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे हरभऱ्याच्या डाळीएवढे गोल दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला दोन बाजूंना दोन शेपट्या. भाकरी थापताना पिठात शेंगदाण्याचा तुकडा राहिला तर तळव्याखाली तो जसा लोळतो, तसे हे दाणे लोळलेले असतात. शेपट्या कुठं वळल्या यावरून वरची बाजू कुणीकडं सरकली ते कळतं.

कळतं, पण एका अटीवर. दगड जागेवर असताना, हातोडा मारायच्या आधी, त्यावर उत्तरेचा बाण काढावा लागतो आणि वरची बाजू कुठली ते लिहावं लागतं. होकायंत्राचा काटा त्या भागात आळसावतो, म्हणून मी सूर्यावरून दिशा धरली होती. हातमोजा काढून एकेक बाण काढायचा आणि बोटांना संवेदना येईपर्यंत हात काखेत धरून बसायचं. बाण नसलेला दगड हा नुसता दगड. तो गेरू लावून रांगेत बसवायच्याच लायकीचा.

आणि त्या दगडांवर एका मुलीचं सगळं अडून होतं. शेजारच्या कुंभारी गावची मुलगी, आई विड्या वळते, वडील नाहीत. माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. दक्षिण भारतात तसाच एक शिअर झोन आहे, तिथले दगड ती स्वतः एसटीनं आणि मिळेल त्या ट्रॅक्टरनं हिंडून आणत होती. तो पट्टा आणि अंटार्क्टिकातला पट्टा एकेकाळी सलग होते का, दोन्हीकडे खडक एकाच दिशेला सरकला का, हा तिचा प्रश्न. तिचे अर्धे दगड तिचे, अर्धे माझे. एका मोठ्या संशोधन संस्थेनं तिला सांगितलं होतं की अंटार्क्टिकावरचं प्रकरण पुरं करून आणा, मग जागेचं बघू. सोलापुरात असं बोलावणं कुणाला येत नाही. दगड रंगवले गेले तेव्हा ती दक्षिणेत होती.

समिती आली, पोहे खाऊन गेली, परिसर फार प्रसन्न आहे असा शेरा लिहून गेली. दुसऱ्या दिवशी मी सातही दगड आत आणले आणि रंग खरवडून काढला. बाणाचा मागमूस राहिला नव्हता. मोहिमेतली वही होती. वहीत प्रत्येक दगडाच्या पट्ट्यांचा उतार आणि त्यावरच्या ओरखड्यांची दिशा नोंदली होती. त्यावरून दगड मूळच्यासारखा वाळूत बसवता येतो. फक्त तो चार तऱ्हांनी बसतो. चारांतल्या दोन तऱ्हा म्हणतात, वरची बाजू उत्तरेला सरकली. दोन म्हणतात, दक्षिणेला. कुठली खरी, ते बाण सांगणार, आणि बाण मामांनी थिनरनं पुसला होता.

आधी ज्यांनी त्या भागावर लिहिलं त्यांनी उत्तर दिशा म्हटली होती. मी काळा पेन घेतला आणि सातही दगडांवर उत्तरेचं उत्तर निघेल असे बाण काढले. आठवतंय तसे काढतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मला काही आठवत नव्हतं. एवढ्या वर्षांपूर्वीचा, थंडीनं मेलेल्या हातानं काढलेला बाण कुणाला आठवतो?

एवढ्यावर थांबलो असतो तर स्वतःला निदान विसरभोळा म्हणता आलं असतं. पण चौथ्या दगडाला त्याची बाहेरची, वाऱ्याला उघडी असलेली साल होती. तिथं वारा बारा महिने दक्षिणेच्या बर्फाच्या पठारावरून येतो, आणि त्यातल्या कणांनी खडकाची दक्षिणेची कड गुळगुळीत होते, हात फिरवला तर कळते. या दगडाची ती कड शाबूत होती. माझ्या बाणाप्रमाणे ती उत्तरेला येत होती. म्हणजे निदान हा दगड तरी ओरडून सांगत होता की मी बाण उलटा काढलाय. मी दगड हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग करवतीवर लावला आणि साल कापून टाकली. वरची झिजलेली साल कापायची असतेच, तसं पुस्तकातही लिहिलेलं असतं. त्यामुळे कुणी पाहिलं असतं तरी काही वाटलं नसतं. करवतीखालून निघणारा तो राखाडी चिखल माझ्या मनगटावर उडाला होता. तो धुताना मला स्वतःची किळस आली. साबण लावून धुतला.

ती परत आली. मी म्हटलं, दगड रंगवले होते पण खुणा वाचल्या. तिचा माझ्यावर विश्वास होता. मास्तर म्हणून माझी तेवढी पुण्याई होती. दोन वर्षं ती त्या दगडांच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाणे मोजत बसली. उत्तर आलं: उत्तरेकडे. येणारच होतं. कॉलेजनं तिचा सत्कार केला आणि तिच्याबरोबर माझाही. प्राचार्यांनी भाषणात मला ध्रुवावर जाऊन आलेला सोलापूरचा सुपुत्र म्हटलं. मी ध्रुवाच्या जवळपाससुद्धा गेलो नव्हतो, पण ती दुरुस्ती करायला उठलो नाही. शाल कृत्रिम धाग्याची होती आणि मानेला टोचत होती. सोलापुरात, जिथं अजून मागाचा आवाज ऐकू येतो तिथं, असली शाल!

प्रबंध द्यायला दीड महिना राहिला होता तेव्हा ती एका दुपारी माझ्या टेबलाशी आली. एका हातात चौथा दगड, दुसऱ्या हातात एक चकती. करवतीमागच्या टाकाऊ तुकड्यांच्या खोक्यातून तिनं ती उचलली होती. नव्या पोरांना दगडाच्या चकत्या घासायला शिकवण्यासाठी ती तिथलेच तुकडे घ्यायची. मी ती साल फेकायलासुद्धा विसरलो होतो. चोरी करायलाही अक्कल लागते.

"सर, ह्ये ह्याच दगडाचं साल हाय की. बसतंय बगा." तिनं ती जोडून दाखवली. फट दिसत नव्हती.

"असेल."

"मग गुळगुळीत बाजू उत्तरंला कशी? वारं दक्षिणेकडनं येतं म्हनून तुमीच सांगितलं हुतं."

"दगड सुटा असेल. गडगडून उलटा पडला असेल."

हे इतक्या सहज तोंडातून निघालं की मलाच नवल वाटलं. तिनं सालीच्या गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवला.

"वहीत लिवलं आसंल की सर. सुटा का जागेवरचा."

वही माझ्या खणात होती. सापडत नाही म्हटलं असतं तर खपलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. का कोण जाणे, मी खण उघडला आणि वही तिला दिली. मला वाटतं, मला आता स्वतःशी खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. तिनं पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: जागेवरचा खडक, सुटा नाही.

"बाकीचं सहा?"

"तेही मीच काढले. बाण पुसले गेले होते. रंगवताना."

"आटवून काडलं?"

मी मान हलवली. होय की नाही ते मलाही सांगता आलं नसतं.

ती रडली नाही, आवाज चढवला नाही. तिनं वही मिटून टेबलावर ठेवली, साल दगडावर ठेवली. "मला त्याच दिशी सांगायचं हुतं, सर. मी नुसतं माझ्या दगडांवर क्येलं आसतं. दोन वर्सं झाली." एवढंच म्हणून ती गेली. मी बसून राहिलो. टेबलावर दगडाची बारीक भुकटी पडली होती. ती मी फुंकरीनं उडवली आणि तीच डोळ्यात गेली.

तिनं ते प्रकरण काढून टाकलं. त्या जागी दोन ओळी लिहिल्या: अंटार्क्टिकातील सात नमुन्यांवरील दिशेच्या खुणा नष्ट झाल्याने ते वापरले नाहीत. कुणी, कधी, काही नाही. मी मार्गदर्शक म्हणून खाली सही केली. त्या मोठ्या संस्थेचं पत्र आलं की हा विषय आता त्यांच्या कामात बसत नाही. ते पत्र तिनं मला दाखवलं नाही, कार्यालयातून कळलं.

तोंडी परीक्षेला परगावचे परीक्षक आले होते. हुशार माणूस, पण खाताना बोलायची सवय. चिवड्यातला शेंगदाणा त्यांच्या ओठाला चिकटलेला होता आणि तिचं सगळं सादरीकरण होईपर्यंत मला दुसरं काही दिसेना. तिनं चांगलं सांगितलं. स्वतःच्या दगडांवर ती ठाम होती. परीक्षकांनी पानं उलटली आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"अंटार्क्टिकाहून आणलेले दगड आणि त्यांच्या खुणा नष्ट होतात? हा हलगर्जीपणा कुणाचा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या पाहण्यात. उत्तर माझं आहे, ते मी द्यावं, एवढंच होतं. तिची आई मागच्या रांगेत नवं पातळ नेसून बसली होती.

"आमच्या शिपायानं धुतले," मी म्हणालो. "समिती येणार म्हणून रंगवले. गेरू लावून."

सगळी खोली हसली. परीक्षकही हसले, तो शेंगदाणा गळून पडला. "आमच्याकडे पण आहेत असले हिरे," ते म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले. मी बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मामा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. लोक हसले तसे तेही हसले, आणि मग त्यांचं हसू थांबलं. ती पुन्हा माझ्याकडे वळली नाही. अर्ध्या तासानं तिला पदवी मिळाल्याचं जाहीर झालं, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मला पेढा खाववेना. रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

खोली रिकामी झाल्यावर मी मागच्या नळावर गेलो. मामा कप विसळत होते. उष्टा चहा, पेढ्याचे कागद, मुतारीचा वास. मुतारीचं कुलूप काढलेलं होतं, कारण समिती नव्हती. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. काय, ते ठरलं नव्हतं.

तेच आधी बोलले. मान वर न करता.

"सर, मला म्हाईत न्हवतं बगा. मला वाटलं, दगुड म्हंजी दगुड. तुमी त्या दिशी रागावला तवाबी मला उमगलं न्हाय." त्यांनी कप उपडा ठेवला. "त्या पोरीची मोठी नोकरी माज्यापायी गेली म्हनत्यात हापिसात. व्हय का?"

नळ वाहत होता. त्यांना सांगण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते माझ्या तोंडाशी आलेलं होतं: मामा, तुम्ही फक्त बाण पुसले, खोटे मी काढले.

"तिच्यासमोर जायला त्वांड न्हाय मला," ते म्हणाले. "तुमचं ऐकती ती. तिला येवडं सांगा की सर, म्हाताऱ्याची चूक झाली, मनात धरू नगं म्हनावं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते.

"सांगतो," मी म्हणालो.